यंत्राला कळेल असं सांगणं : प्रस्तावना

नाटकांची जाहिरात वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. ‘शनि. दु. ४॥ दीनानाथ, रवि. रात्रौ ८॥ गडकरी, २५० वा प्रयोग’ एवढं दिसलं की मुंबई-ठाण्यातल्या नाटकवेड्या माणसाला सगळं समजतं. ४॥ म्हणजे साडेचार, दीनानाथ म्हणजे पार्ल्याचं नाट्यगृह, गडकरी म्हणजे ठाण्याचं रंगायतन, आणि २५० हा तिकिटाचा दर नव्हे. हीच जाहिरात वेबपानावर चढवली आणि ती वाचायला सर्च इंजिनचा बॉट आला, की यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. गडकरी म्हणजे ‘एकच प्याला’चे नाटककार, केंद्रीय मंत्री की तलावपाळीजवळचं नाट्यगृह? २५० हा आकडा प्रयोगाचा, दराचा की खुर्च्यांचा? शनिवार कुठल्या महिन्यातला? बॉट अंदाज बांधतो, हल्ली तर बऱ्यापैकी बरोबर बांधतो. पण तो चुकला तर प्रेक्षक चुकीच्या दिवशी चुकीच्या नाट्यगृहाच्या दारात उभा राहतो, आणि शिव्या निर्मात्याला बसतात.

अंदाजावर न सोडता यंत्राला स्पष्ट सांगायची जी रीत आहे, तिच्याबद्दल हे पुस्तक आहे. कागदोपत्री तिला स्ट्रक्चर्ड डेटा मार्कअप म्हणतात. वेबसाइटच्या धंद्यातली माणसं नुसतं ‘स्कीमा लावला का?’ एवढंच विचारतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये एक छोटा तुकडा ठेवायचा. वाचकाला तो दिसत नाही. त्यात आधी प्रकार सांगायचा : हे पान नाट्यप्रयोगाबद्दल आहे. मग ठरलेल्या रकान्यांत ठरलेली माहिती भरायची : नाटकाचं नाव, सुरू होण्याची तारीख आणि वेळ, भारतीय प्रमाणवेळेचा फरक, स्थळ, स्थळाचा पत्ता, तिकिटाचा दर, चलन. प्रकारांची आणि रकान्यांची नावं आपण मनानं ठेवायची नाहीत. ती स्कीमा डॉट ऑर्ग या सामाईक कोशातून घ्यायची, म्हणजे हा कोश मानणारं कुठलंही सर्च इंजिन त्यांचा तोच अर्थ लावतं. गडकरी आता ‘स्थळ’ या रकान्यात, ठाण्याच्या पत्त्यासकट आले. त्यांचा मंत्र्यांशी घोळ होण्याचं कारण उरलं नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिन कोड सुरू झाला, तो संस्कृत कवी आणि टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या भाषा-लिप्यांत लिहिलेले पत्ते, न लागणारी अक्षरं यांनी टपालाची वर्गवारी बेजार झाली होती. वेलणकरांनी लोकांना पत्ते सुधारून लिहायला सांगितलं नाही. पत्ता माणसांसाठी होता तसाच राहिला आणि त्याच्या शेवटी सहा आकडे आले. मार्कअपही पानाला धक्का न लावता त्याच्या सोबत जातो, आणि त्याचं यश बरंचसं यातच आहे.

या विद्येची मुळं संगणकाइतकीच ग्रंथालयातही आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती कुठल्याही यंत्राविना केलेली याच जातीची कामगिरी होती. वेबच्या जगातही पहिली हालचाल सूचिकारांचीच झाली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी ग्रंथालयवाले आणि संगणकवाले एकत्र बसले. शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा अशा मोजक्या घटकांत कुठल्याही डिजिटल वस्तूची नोंद करता यावी, असं त्यांनी ठरवलं. पुढे पंधरा घटकांचा हा संच ‘डब्लिन कोअर’ म्हणून रूढ झाला. (बरेच जण त्याला आयर्लंडचं समजतात.) ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत तो अजूनही नांदतो आहे.

वेबच्या खुल्या बाजारात मात्र सुरुवातीलाच माती खाल्ली गेली. पानाच्या डोक्यात ‘मेटा कीवर्ड्स’ लिहायची सोय होती. पान कशाबद्दल आहे ते मालकानंच सांगावं, असा त्यामागचा सरळ हेतू. अल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनच्या काळात या सोयीचं काय झालं ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. पान कशाचंही असो, डोक्यात लोकप्रिय शब्दांचा ढीग ओतलेला. शेवटी २००९ च्या सप्टेंबरात गुगलनं उघड सांगून टाकलं की क्रमवारीसाठी आम्ही हा टॅग विचारातच घेत नाही. पानमालकाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मानगुटीवर बसला आहे. पुढच्या प्रत्येक पंथानं त्याला आपापलं उत्तर दिलं.

पहिला पंथ तर्कवाल्यांचा. यात रामनाथन गुहा हे नाव वारंवार येतं. मद्रास आयआयटीतून बाहेर पडलेले गुहा आधी ‘साइक’ प्रकल्पात होते. माणसाचं सामान्यज्ञान यंत्रात भरण्याचा तो प्रचंड खटाटोप होता. मग अ‍ॅपलमध्ये आणि नेटस्केपमध्ये त्यांनी माहितीबद्दलच्या माहितीचा एक साचा घडवला. त्याच धाग्यातून १९९९ मध्ये आरडीएफ हे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं मानक तयार झालं. प्रत्येक विधान कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन तुकड्यांत मांडायचं आणि अशा विधानांचं जाळं विणायचं, ही त्याची रीत. मे २००१ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ‘सिमँटिक वेब’चं स्वप्न मांडलं. दोन भावंडांचे सॉफ्टवेअर-एजंट आईच्या फिजिओथेरपीच्या वेळा आपापसांत जुळवतात, असा त्यातला प्रसंग होता. स्वप्न भव्य होतं, पण सामान्य वेबसाइटवाल्याला त्यातून आज दुपारी काय करायचं ते कळत नव्हतं. त्याच वर्षी लेखक कोरी डॉक्टरोव यांनी ‘मेटाक्रॅप’ हा टवाळ लेख लिहिला. माणसं खोटं बोलतात, आळस करतात आणि स्वतःबद्दलही नीट सांगू शकत नाहीत, मग त्यांनी भरलेल्या रकान्यांवर जग कसं उभारणार, असा त्यांचा सवाल. तो लेख अजूनही वाचण्याजोगा आहे, आणि या पुस्तकाच्या वाचकानं तो मनाशी ठेवलेला बरा.

दुसरा पंथ साधेपणाचा. २००५ च्या आसपास तांतेक चेलिक आणि त्यांच्या साथीदारांनी ‘मायक्रोफॉर्मॅट्स’ आणले. वेगळी भाषा नको, वेगळी फाइल नको. पानावर नाव-पत्ता दिसतोच आहे, त्याच्याच टॅगला ठरलेली नावं द्या. माणूस आधी, यंत्र नंतर, हा त्यांचा बाणा. दिसणारी गोष्टच यंत्राला सांगायची असल्यामुळे खोटेपणाला आपोआप थोडा लगाम बसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. माझा वैयक्तिक कल या पंथाकडे आहे, हे लपवत नाही. पण मायक्रोफॉर्मॅट्सचे प्रकार मोजकेच होते, आणि व्यापारी वेबची भूक मोठी होती.

तिसरा पंथ सर्च इंजिनवाल्या कंपन्यांचा. वादात तो जिंकला नसेल, पण बाजारात जिंकला. याहूनं २००८ मध्ये ‘सर्चमंकी’ काढलं, गुगलनं मे २००९ मध्ये ‘रिच स्निपेट्स’. रकाने भरा, शोधाच्या निकालात तुमच्या दुव्याखाली तारे, दर, तारखा दिसतील, असा रोखठोक सौदा. तोवर पानाच्या टॅगांत ही माहिती लिहिण्याच्या आरडीएफए, मायक्रोडेटा, मायक्रोफॉर्मॅट्स अशा तीन तऱ्हा आणि प्रत्येकाचे वेगवेगळे शब्दकोश चालू होते. २ जून २०११ रोजी गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या हाडवैऱ्यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा एकच कोश जाहीर केला. रशियाचं यांडेक्स काही महिन्यांतच सामील झालं. या कामातही गुहा होतेच, आता गुगलकडून. सुरुवातीला कोशात २९७ प्रकार आणि १८७ गुणधर्म होते. आज प्रकारांचीच संख्या आठशेच्या वर गेली आहे. आधी फक्त मायक्रोडेटाच चालेल म्हटल्यावर आरडीएफवाल्यांनी आरडाओरडा केला. कोशात तार्किक काटेकोरपणा नाही ही त्यांची तक्रार खरीच होती. रकान्यात वस्तू अपेक्षित असताना कुणी नुसतं नाव लिहिलं तरी हा कोश हाकलून देत नाही, मिळेल ते घेतो. तर्काच्या दृष्टीनं हे ढिसाळ आहे, आणि कोश टिकला तो या ढिसाळपणामुळेच.

लिहिण्याची तऱ्हा कोणती, हा वाद मिटवला जेसन-एलडीनं. जानेवारी २०१४ मध्ये ते डब्ल्यूथ्रीसीचं मानक झालं. त्यामागचे मनू स्पोर्नी यांनी त्याच महिन्यात ‘मी सिमँटिक वेबचा द्वेष का करतो’ अशा आशयाचं टिपण लिहिलं होतं, यावरून त्या वर्तुळातलं हवामान कळेल. जेसन-एलडी रुळण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. मायक्रोडेटा पानाच्या टॅगांत विणलेला असतो. डिझायनरनं साचा बदलला, एक डबा इकडचा तिकडे केला, की मार्कअप उसवतो आणि महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. जेसन-एलडीचा तुकडा वेगळा राहतो, डिझायनरच्या हाताखालून सुटतो. किंमतही तितकीच खरी आहे. तुकडा वेगळा पडल्यामुळे पानावर एक आणि तुकड्यात दुसरंच, अशी तफावत सहज पडते. नाटकाचा प्रयोग रद्द झाल्याचं पानावर लाल अक्षरांत येतं आणि आतल्या तुकड्यात तो अजून ‘ठरल्याप्रमाणे’ असतो. साधेपणाच्या पंथानं दिलेला इशारा असा उलटून आला. पानावर वाचकाला जे दिसत नाही ते मार्कअपमध्ये भरू नका, हा गुगलचा नियम त्यामुळेच कळीचा आहे.

आता सौद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण बाजारात याबाबत सर्वांत जास्त थापा चालतात. स्कीमा लावल्यानं पान क्रमवारीत वर चढतं असं गुगल म्हणत नाही. तारे, दर, तारखा दिसतीलच याची हमीही देत नाही. पात्रता मिळते, एवढंच. आणि दिलेलं बक्षीस काढूनही घेतलं जातं. आपल्याच दुकानाला आपल्याच वेबसाइटवर पाच तारे देण्याची साथ आली तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलनं असे स्वतःच स्वतःला दिलेले तारे दाखवणं थांबवलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रश्नोत्तरांचा प्रकार आला होता. निकालात दुव्याखाली प्रश्नांची उघडझाप करणारी यादी दिसायची आणि पान दुप्पट जागा अडवायचं. झालं, गरज असो-नसो, प्रत्येक पानाखाली ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ उगवले, जे कुणीही कधी विचारले नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये ही सोय सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटपुरती आकसली, आणि ‘कृती कशी करावी’ हा प्रकार त्याच सुमारास बंद झाला. जून २०२५ मध्ये आणखी सात प्रकारांचं दर्शन थांबवत असल्याचं जाहीर झालं. त्यात बातम्यांची सत्यता तपासणाऱ्यांसाठीचा प्रकारही होता. नुसत्या अशा बक्षिसांसाठी केलेली मेहनत त्या-त्या वेळी पाण्यात गेली. मात्र ज्यांनी नोंदी नीट ठेवल्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नाही.

प्रकाशकांची तक्रार याहून खोल आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. माहिती आम्ही गोळा करायची, रकान्यांत आम्ही भरायची, आणि वाचकाला उत्तर निकालाच्या पानावरच मिळाल्यावर तो आमच्या दारात येणारच कशाला? दुसऱ्या बाजूला नाट्यनिर्माता, दवाखाना, खानावळ यांना वाचक दारात आला नाही तरी चालतं. वेळ आणि पत्ता बरोबर पोचला की त्यांचं काम झालं. म्हणून मार्कअप हिताचा की अहिताचा याचं एक उत्तर नाही. तुमची माहिती हाच तुमचा माल आहे, की माल वेगळा आहे आणि माहिती ही त्याची पाटी आहे, यावर ते ठरतं. एसइओवाले हा प्रश्न क्वचितच विचारतात.

आजच हे पुस्तक का, याचं सोपं उत्तर ‘एआय’ असं देता आलं असतं. सर्च इंजिनं दुव्यांऐवजी तयार उत्तरं देऊ लागली आहेत, तेव्हा स्कीमा लावा आणि उत्तरात या, असं सांगणारे विक्रेते गल्लोगल्ली दिसतात. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात मात्र एआय उत्तरांत येण्यासाठी कुठलाही खास स्कीमा लागत नाही असंच म्हटलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. यंत्र जितक्या आत्मविश्वासानं बोलू लागलं आहे, तितकी त्याला नेमक्या, तारीखवार, मालकानं स्वतः दिलेल्या विधानांशी ताडून पाहायची सोय असायला हवी. आणि मराठी वेबवर अशी विधानं फार विरळ सापडतात.

मराठी पानांच्या अडचणीही खास आहेत. परदेशी मार्गदर्शिकांत त्या सापडत नाहीत. आकड्यांचंच घ्या. पानावर आपण ‘₹ १,२५०’ लिहितो आणि ते तसंच असावं. पण किमतीच्या रकान्यात इंग्रजीच आकडे हवेत, स्वल्पविरामही नको, असं स्कीमा डॉट ऑर्गचे नियम बजावतात. पानावरचा मजकूर जसाच्या तसा उचलून रकान्यात टाकणारं प्लगइन देवनागरी आकडे पुढे सरकवतं, आणि मग ती किंमत म्हणून वाचली जाईल याची खात्री राहत नाही. पत्त्याचंही तसंच. ‘एसटी स्टँडसमोर, मारुती मंदिराच्या बोळात’ याला स्वतंत्र रकाना नाही, तो रस्त्याच्या रकान्यातच बसवावा लागतो आणि जोडीला अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. दुपारी १ ते ४ बंद असणाऱ्या दुकानानं एकाच दिवसाच्या दोन वेळा वेगवेगळ्या नोंदवायच्या. ती सोय कोशात आहे, पुणेकरांना तेवढा दिलासा.

माणसांच्या आणि गावांच्या नावांत खरी मेख आहे. राम गणेश गडकरी यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोदी लेख बाळकराम म्हणून. पुस्तकविक्रीच्या साइटवर हे तीन लेखक होऊन बसतात. पर्यायी नावाचा रकाना भरला आणि ‘हाच तो’ असं सांगणाऱ्या रकान्यात विकिडेटावरच्या नोंदीचा दुवा दिला, की तिघे एक होतात. छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद यांनाही हीच युक्ती लागू पडते, कारण जुन्या नावानं शोधणारी माणसं अजून काही वर्षं तरी राहणारच.

काही ठिकाणी कोशच तोकडा पडतो. वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या कार्यक्रमाचं वेळापत्रक सांगायची सोय स्कीमा डॉट ऑर्गमध्ये आहे, पण तिथे आठवड्याचा वार, महिना, महिन्यातली तारीख अशी इंग्रजी कालगणनाच चालते. तिथी हा प्रकार त्या कोशाला ठाऊक नाही. त्यामुळे दरवर्षी पंचांग पाहून इंग्रजी तारीख नव्यानं भरण्यावाचून इलाज नाही, आणि जी देवस्थानं ती भरत नाहीत त्यांच्या पानावर दोन-तीन वर्षांपूर्वीची यात्रा कायमची ‘येऊ घातलेली’ राहते. कोश वाढतो तो उघड चर्चेतून. सूचना कुणीही करू शकतो. तिथीची मागणी भारतातूनच जायला हवी, दुसरं कोण करणार?

या पार्श्वभूमीवर पुस्तकाचा बेत मर्यादित ठेवला आहे. आठशे प्रकारांची जंत्री इथे नाही, ती मूळ कोशात केव्हाही अद्ययावत मिळते. मराठी साइट चालवणाऱ्यांना ज्यांची खरोखर गरज पडते असे थोडेच प्रकार निवडले आहेत : लेख आणि बातमी, पुस्तक, कार्यक्रम, स्थानिक व्यवसाय, संस्था, व्यक्ती, पाककृती. त्या प्रत्येकासाठी आधी पान माणसासाठी नीट लिहायचं आणि मग त्यातलंच यंत्राला सांगायचं, असा क्रम शेवटपर्यंत पाळला आहे. दिवाळी अंकाला मात्र जास्त पानं दिली आहेत. नियतकालिक, त्याचा एक अंक, त्यातला एक लेख आणि त्याचा लेखक ही चार मजली नोंद एकदा जमली की बाकीचं कोडं आपोआप सुटतं, असा अनुभव आहे. नव्वद-शंभर वर्षांच्या अंकांच्या अनुक्रमणिका ज्या ग्रंथालयांनी टंकून ठेवल्या आहेत, त्यांच्यासाठी हा भाग मुद्दाम लिहिला आहे.

क्रमवारीत वर नेण्याचं आश्वासन या पुस्तकात कुठेही नाही. जिथे गुगलचा आजचा नियम आणि स्कीमा डॉट ऑर्गची व्याख्या यांत फरक आहे तिथे दोन्ही वेगवेगळे दाखवले आहेत, कारण नियम बदलतो तेव्हा व्याख्या सहसा तशीच असते. तपासणीसाठी दोन साधनं वापरली आहेत. स्कीमा डॉट ऑर्गचं व्हॅलिडेटर व्याकरण पाहतं, आणि गुगलची रिच रिझल्ट चाचणी पात्रता. दोन्हींत हिरवा टिळा लागला तरी माहिती खरी आहे की नाही हे त्यातलं एकही साधन सांगत नाही. म्हणून प्रत्येक प्रकाराच्या शेवटी पान आणि मार्कअप शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडायची एक यादी दिली आहे.

ज्यांना कोड अजिबात येत नाही त्यांनी प्लगइनच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त प्लगइननं आपोआप भरलेले रकाने एकदा उघडून पाहा. लेखकाच्या नावाच्या जागी तिथे बहुधा ‘अ‍ॅडमिन’ लिहिलेलं सापडेल.